वन्संना घेऊन वसईला

नाशिकहून सकाळी निघालो तेव्हा गाडीत चौघं होतो. मी, बायको नीता, मागच्या सीटवर आई, आणि वन्सं.

वन्सं म्हणजे माझी बहीण नव्हे; मला बहीणच नाही. आमच्या नव्या गाडीत एक बोलणारा पडदा आहे, त्यातल्या बाईला नीतानं हे नाव ठेवलंय. न बोलावता घरात आली, कायमची राहिली आणि उठता-बसता सूचना करते, मग तिला दुसरं काय म्हणायचं, असा तिचा सवाल. गाडी घेताना मी विक्रेत्याला विचारलं होतं, हे सगळं नसलेली गाडी मिळेल का. तो म्हणाला, सर, हे पॅकेजमध्येच येतं, काढता येत नाही. माझ्या मोबाइलमध्ये पत्त्यांचे चार खेळ आणि राशिभविष्य असंच आलं होतं. तेही काढता येत नाही. मी मकर राशीचा आहे हे त्या मोबाइलला रोज सकाळी मला सांगायचं असतं.

वसईला जायचं कारण होतं फिलूमावशी. फिलोमिना टीचर. आईचं लग्न व्हायच्या आधी दोघी वसईच्या एका शाळेत शिकवत होत्या. एका डब्यात जेवायच्या, एका छत्रीतून जायच्या. मग आई लग्न होऊन नाशिकला आली. फिलूमावशी वसईतच राहिली. पुढची सगळी वर्षं ती दर रविवारी फोनवर आमच्या घरी असायची. गेल्या कित्येक वर्षांत भेट मात्र नाही. कधी हिचे गुडघे, कधी तिचा मोतीबिंदू. आता मावशीचा मुलगा तिला कॅनडाला बोलावून घेत होता, कायमची. तो तिकडे वाट बघत होता, आणि इकडून तिला विमानात बसवून देण्याची जबाबदारी भाच्यावर होती. दोघींचं वय आता ऐंशीला टेकलेलं. परत भेट होईल असं दोघींपैकी कुणीच म्हणत नव्हतं, आणि होणार नाही असंही म्हणत नव्हतं.

खरं तर आम्ही आदल्या आठवड्यातच जाणार होतो. पण वन्संचं काहीतरी नवं करून घ्यायचं म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला दिली आणि ते नवं काही होता होईना. तीन दिवस फोन केला की एकच उत्तर, अपडेट चालू आहे सर, मध्ये बंद करता येत नाही. म्हणून शेवटी अगदी तिच्या निघण्याच्या दिवशीच निघालो. संध्याकाळी चारला ती घर सोडणार, आम्ही दुपारी बारापर्यंत पोचणार, चार तास गप्पा. हिशेब माझा. आईनं लोकरीची टोपी विणली होती, ती पिशवीतून काढून दर थोड्या वेळानं ती बघत होती.

कसारा घाटापर्यंत सगळं छान चाललं होतं, एवढंच की वन्संना माझी काळजी वाटत होती. या पडद्याच्या वर एक बारीक कॅमेरा आहे, तो चालकाचे डोळे बघतो आणि पेंगतोय असं वाटलं की थांबा, चहा घ्या म्हणतो. माझे डोळे मुळातच बारीक. घाट उतरेपर्यंत वन्संनी मला पाच वेळा चहा घ्यायला सांगितला. नीता म्हणाली, तुमच्या आईनं एवढ्यांदा कधी विचारलं नसेल. मागून आई म्हणाली, मी ऐकतेय.

भिवंडीच्या पुढे कामणच्या रस्त्याला लागलो आणि वन्सं गप्प झाल्या. त्यांना रस्त्यावरचे पांढरे पट्टे लागतात. पट्टा ओलांडला की त्या ओरडतात आणि स्टिअरिंग स्वतःकडे ओढतात. इथे पट्टे नव्हते. बऱ्याच ठिकाणी डांबरही नव्हतं. कंटेनर आणि टँकर खड्ड्यांना वळसे घालत समोरून येत होते, आम्ही आमचे वळसे घालत होतो. मला पहिल्यांदाच आपण गाडी चालवतोय असं वाटलं. दोन्ही बाजूंना गोदामं, मधूनच भाताची रिकामी खाचरं, धुळीनं पांढरी झालेली झाडं, आणि त्यातून अचानक डोंगराची एक हिरवी बाजू. आईनं डोंगर ओळखला. हा तोच, म्हणाली. शाळेच्या खिडकीतून लांब दिसायचा तो. मला शंका आहे, पण मी मान डोलावली.

चिंचोटीला हा रस्ता अहमदाबाद हायवेला मिळतो. मिळतो हा शब्द नकाशावाल्यांचा. प्रत्यक्षात तुम्ही पुलाखालून वळसा घेऊन येता आणि हायवेच्या कडेला उभे राहता, आणि हायवे तुमच्याकडे न बघता जात राहतो. मी गाडीचं नाक जरा पुढे काढलं. ट्रक नाकाला घासून गेला. नाक आत घेतलं. मागचा टेम्पो हॉर्न देऊ लागला. पुन्हा पुढे काढलं, वन्सं किंचाळल्या आणि ब्रेक लागला, तोही त्यांनीच लावला. टेम्पोवाला खाली उतरून बघायला आला की आत नक्की कोण आहे. माझा सगळा स्वाभिमान त्या दहा फुटांत संपला. नीतानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, त्याचा उपयोग झाला नाही. मग आईनं तिच्या बाजूची काच खाली केली आणि येणाऱ्या एका भल्यामोठ्या ट्रकला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. देवळात करतात तसा, डोळे मिटून. ट्रक थांबला.

आम्ही शिरत होतो नेमक्या त्या क्षणी फोन आला. फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे पडद्यावर नाव उमटलं, फिलूमावशी. आईचा फोन घरी चार्जरलाच राहिला होता, म्हणून माझ्यावर आला. मी एका हातानं पडद्यावर हिरवं दाबलं. मावशीचा आवाज गाडीभर घुमला. "सुमे, अगं आम्ही लवकर निघतोय. बस्त्याव म्हणतो हायवेला—"

आणि आवाज बंद. पडद्यावर पाच चांदण्या आल्या. वन्संनी विचारलं की या प्रवासात त्यांची सेवा मला कशी वाटली.

चांदण्या दाबल्याशिवाय पडदा हलेना. ट्रकपुढे रांगत असताना मी पाचच्या पाच दाबल्या, खोट्या. मग नीतानं परत फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बस्त्याव हा मावशीचा भाचा, तोच तिला विमानतळावर सोडणार होता, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याचा नंबर आमच्याकडे नव्हता.

आईनं टोपी पिशवीत ठेवली आणि पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळून बसली. नीतानं मागे वळून सांगितलं, आई, लवकर म्हणजे तासभर लवकर असेल. आई म्हणाली, हो, असेल. आणि मग जरा वेळानं मला म्हणाली, तू आपला सावकाश चालव. हे ती म्हणते तेव्हा तिला सावकाश नको असतं.

वसई फाट्याला डावीकडे वळलो. वालीवच्या बाजूनं कारखान्यांच्या रांगा, माल उतरवणारे टेम्पो, रस्त्यावरच गाडी लावून चहा पिणारे लोक. रिक्षा आमच्या दोन्ही बाजूंनी, आणि मला वाटतं खालूनही, जात होत्या. दर रिक्षेला वन्सं दचकत होत्या. एरवी मी या सगळ्यावर घरी आल्यावर पंधरा मिनिटं बोललो असतो. त्या दिवशी नुसता घाम येत होता. रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो आणि हवा बदलली. इमारती मागे पडल्या, केळीच्या बागा लागल्या, नारळीच्या सावल्या रस्त्यावर. घरांच्या दारांवर क्रूस, पुढच्याच घरापुढे तुळस. एका अंगणात काठ्यांच्या मांडवावर केळी वाळत घातली होती. ही सुकेळी (राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी होतात). आई एरवी थांबायला लावून चार गोष्टी सांगती. आज तिनं तिकडे बघितलंही नाही.

भुईगावच्या अलीकडे एका नाक्यावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईंना विचारलं.

"फिलू टीचर?" त्या म्हणाल्या. "ती आज जानार ना कॅनडाला. मघाशी पेट्या बाहेर काढल्या तिच्या. जावा, पान्याच्या कडंनं आत जावा, एकच वाट हाय."

पाणी म्हणजे बावखल (गावातलं गोड्या पाण्याचं तळं; वसईच्या जुन्या गावांत अशी बरीच आहेत). वाट खरोखर एकच होती, आणि एकाच गाडीची. डाव्या हाताला बावखल, उजव्या हाताला बागेचा दगडी गडगा. आरसे मिटून घेतले. मध्येच एक वळण, आणि वळणावर समोर एक पांढरी गाडी उभी. टपावर दोन पेट्या बांधलेल्या.

त्या गाडीनं दिवे लुकलुकवले. मीही लुकलुकवले. आपल्याकडे याचा अर्थ दोन्ही बाजूंनी 'तू मागं जा' असाच असतो. मी मागं जायचं ठरवलं, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा काही अडेलपणा नव्हता. रिव्हर्स टाकला. गाडी हातभर मागं सरकली आणि जोरात थांबली. पडद्यावर लाल चौकोन, त्यात पाच-सहा बदकं. बावखलातून वर येऊन ती आमच्या मागे रस्त्यावर उन्हाला बसली होती. वन्संनी जाहीर केलं की मागे अडथळा आहे आणि त्या गाडी हलू देणार नाहीत. मी ॲक्सिलरेटर दाबला. त्यांनी ब्रेक दाबला. मी पुन्हा दाबला. नीता उतरून बदकांना शुक् शुक् करू लागली. बदकं उठली, दोन पावलं चालली आणि पुन्हा बसली.

पांढऱ्या गाडीतून पस्तिशीचा एक धिप्पाड माणूस उतरून आला. शांत होता, पण घड्याळाकडे बघत होता.

"काका, मागं घ्या ना जरा. आमच्याकडे आत येणारा मागं जातो, बाहेर जाणाऱ्याला वाट देतो."

मी म्हटलं, घेतोच आहे, ही घेऊ देत नाही. त्यानं नीताकडे पाहिलं. मी म्हटलं, ती नव्हे. मग त्याला पडदा दाखवला. त्यानं त्यात वाकून बदकं बघितली आणि खिडकीवर कोपर टेकून मला त्यांच्या आळीची रीत समजावू लागला, लहान मुलाला सांगतात तशी. आत येणारा तर पोचलाच ना काका, त्याला कसली घाई. बाहेर जाणाऱ्याचं काही चुकू शकतं. कुणाचं दवाखान्यात जायचं असतं, कुणाचं चर्चमध्ये लग्न असतं. म्हणून इथे येणाऱ्यानं शेजारच्या अंगणात गाडी घालायची, फाटकं त्यासाठीच उघडी असतात. आणि आत्ता, म्हणाला, माझ्या मावशीचं विमान आहे.

मागचं दार उघडल्याचा आवाज मला आला. आईच्या गुडघ्यांना गाडीतून उतरायला एरवी दोन माणसं लागतात. तेवढ्यात पांढऱ्या गाडीची मागची काच खाली गेली आणि आतून शाळामास्तरणीचा कडक आवाज आला.

"बस्त्याव, काय झालंय? कोण आडवं आलंय?"

"मी आलेय," आई म्हणाली. "मी आलेय गं फिलू आडवी."

मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि समोरच्या काचेतून मला त्या दोघी दिसत होत्या. फिलूमावशी उतरली, बारीक, ताठ, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरेशुभ्र बूट, कॅनडासाठी घेतलेले. दोघींनी एकमेकींचे दंड धरले आणि तशाच उभ्या राहिल्या, कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं. पहिलं वाक्य मावशीचं होतं. किती जाड झालीस गं. आई म्हणाली, आणि तू हे काय घातलंयस पायात.

मागाहून कळलं ते असं. पुढे कुठेतरी कंटेनर बंद पडून हायवे अडलाय हे कानावर आल्यावर बस्त्यावनं घाई केली. मावशीनं आम्हाला फोन लावला, तो तुटला. आता मी तिकडूनच बोलेन म्हणत तिनं जुना फोन शेजारणीला देऊन टाकला, कारण मुलानं तिथे नवा घेऊन ठेवला होता. फोन दिल्यावर तिच्या लक्षात आलं की आमचा नंबर त्यातच गेला. परत मागायला गेली तर शेजारणीच्या मुलीनं तो आधीच पुसून कोरा केला होता. मग ती फाटकाशी उभी राहिली. बस्त्याव हाका मारत होता आणि ती आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं करत होती. शेवटी त्यानं हाताला धरून गाडीत बसवलं. त्याच्या गाडीच्या बाजूच्या काचा काळ्या. मी वेळेवर एखाद्या अंगणात शिरलो असतो, तर ती गाडी आमच्या शेजारून अलगद निघून गेली असती आणि बस्त्यावनं आमच्याकडे हात करून आभार मानले असते.

घर उघडून बसावं, तर किल्ल्या देऊन झालेल्या. बस्त्याव घड्याळ बघत होता, पण आता वेगळ्या तोंडानं. म्हणाला, मी हायवेच्या धास्तीनं खूप आधी निघालोय, पण इथे थांबलो तर पुढे अडकू. मग तोडगा त्यानंच काढला. आईला त्यांच्या गाडीत बसवायचं, आम्ही मागून यायचं, आणि चिंचोटीला आमचा रस्ता फुटतो तिथे आईला परत घ्यायचं.

बदकं तोवर कंटाळून पाण्यात उतरली होती. वन्संची हरकत संपली. नीता मागे उभी राहून हात दाखवत होती आणि मी इंच इंच करत एका उघड्या फाटकातून अंगणात गेलो. पांढरी गाडी आईला घेऊन पुढे निघून गेली. अंगणातल्या बाईंना आम्ही कोण हे विचारायचं सुचलंही नाही. अशा गाड्या त्यांच्याकडे रोज येतात. त्यांनी खिडकीतून एक ताटली आत दिली, फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, आतून पोकळ) आणि वाटीत तिखट रस्सा. आदल्या दिवशी नातवाचं बारसं झालेलं. आम्ही तिथेच बसून खाल्लं. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी घशाखाली उतरलं आणि त्याला चव होती.

रेल्वेच्या पुलाजवळ आम्ही पांढऱ्या गाडीला गाठलं. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. त्यातल्या एकावर लोकरीची टोपी होती, वसईच्या त्या उन्हात. डोकी सारखी हलत होती.

वसई फाट्याला तोच गोंधळ. एक रिक्षा आमच्या आणि त्यांच्या मध्ये घुसायला बघत होती. मी थांबलो आणि तिला हातानं ये म्हटलं. रिक्षावाल्याचा विश्वास बसेना. मग टेम्पो आला, त्यालाही ये म्हटलं. हायवेला लागलो तर गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. बंद कंटेनर बाजूला घेतला होता, पण मागची रांग अजून सुटायची होती. एरवी अशा ठिकाणी मी सरकारपासून सुरुवात करून नीताच्या माहेरापर्यंत सगळ्यांना दोष देतो. नीता पुढच्या काचेकडे बघत म्हणाली, अडकू दे जरा. विमानाला वेळ आहे ना अजून? मी म्हटलं, भरपूर आहे. आम्ही दोघंही त्या रांगेत इतके निवांत बसलो होतो की वन्संनी मला पुन्हा चहा घ्यायला सांगितला.

चिंचोटीच्या अलीकडे बस्त्यावनं गाडी कडेला घेतली. मी आईला उतरवून घ्यायला गेलो तेव्हा फिलूमावशी तिला सांगत होती की सूनबाई तिकडे मासळी घरात शिजवू देत नाही, वास येतो म्हणते, मग मी काय खायचं. आई म्हणत होती, खिडकी उघडून शिजव. मावशी म्हणाली, तिथं खिडकी उघडत नाहीत गं. शेवटचं बोलणं हे. मग मावशीनं आईच्या पदराची पिन काढून सरळ लावली, आईनं तिची टोपी कानांवर ओढली, आणि दार लागलं. पांढरी गाडी गर्दीत शिरली. बराच वेळ टपावरच्या पेट्या दिसत राहिल्या.

आई पुढच्या सीटवर बसली, नीता मागे गेली. कामणच्या रस्त्यानं खड्डे घेत चाललो. थोड्या वेळानं मी विचारलं, काय बोललात एवढं. ती म्हणाली, काही नाही रे. तिनं सुनेची गाऱ्हाणी सांगितली, मी तुझी सांगितली. तिचं विमानाचं सामान वजनात बसेना, तिनं पापडाचा डबा काढला आणि लोणच्याचा ठेवला, ते चुकलंच. मग शाळेतल्या गळक्या नळाचं निघालं. एवढ्या वर्षांनी भेटलात आणि नळ, मी म्हटलं. आई म्हणाली, मग काय रडत बसायचं होतं? आणि खिडकीबाहेर बघू लागली. चेहरा मोकळा होता. सकाळपासून हाताला गुंडाळलेल्या पिशवीच्या बंदांचे वळ तिच्या मनगटावर अजून होते. ते ती दुसऱ्या हातानं चोळत होती.

भिवंडीशी पुन्हा मोठ्या रस्त्याला लागलो. या वेळी आम्ही आत होतो, आणि बाजूच्या रस्त्यावर एक ट्रक नाक काढून उभा होता, सकाळी मी होतो तसा. मागून हॉर्न सुरू झाले. माझा पाय सवयीनं ॲक्सिलरेटरवर गेला.

"येऊ दे त्याला," आई म्हणाली.

मी थांबलो. तो ट्रक आत आला. त्याच्या मागे दुसरा होता, आईनं हात वर करून त्यालाही बोलावलं. मग एक टँकर, मग दुचाकीवरचं एक कुटुंब, मग आणखी एक ट्रक. मागचे लोक काय म्हणत होते ते मी इथे लिहीत नाही. घरी पोचायला जेवणाची वेळ टळून गेली. पण त्याची तक्रार गाडीतल्या कुणीच केली नाही.